लोखंडाने घातलेला वळसा

"इथे वाट कधी नव्हतीच, आजी," असं शेटचा मुलगा मला म्हणाला. कुठे बसून म्हणाला? आमच्या गावदेवीच्या सभामंडपात, आमच्या सतरंजीवर, माझ्या सुनेने केलेला चहा पिऊन. कप खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाला. त्या दिवशी माझं डोकं तापलं ते अजून निवलेलं नाही, आणि निवू द्यायचा माझा विचारही नाही. या वयात राग आला की घरचे लगेच बीपीची गोळी हातावर ठेवतात. गोळी घेते. राग ठेवून घेते.

कोणती वाट, ते आधी सांगते. महाडकडून येताना पोलादपूरच्या जरा अलीकडे, हायवेच्या वरच्या अंगाला आमची वाडी. देऊळ वाडीतच आहे. पण आईची सहाण, म्हणजे शिमग्यात पालखी नेऊन टेकवतात तो दगडी चौथरा, खाली ओढ्याच्या काठाला. मधे मोठा माळ. आमची गुरं त्या माळावर चरायची आणि शिमग्याला पालखी त्या माळावरून उतरायची. माळाचे मालक आमचेच पुरुष, पण राहायला मुंबईला. त्यांनी तिकडच्या तिकडे तो एका शेटला विकला. आम्हा बायकांना कळलं ते कुंपणाचे खांब उभे राहिल्यावर. पालखीची वाट तेवढी सोडायची, असं तोंडी ठरलं होतं म्हणे. तोंडी ठरलेलं तोंडातच राहतं, हे आता कळतंय.

शेटने माळावर करमणुकीची बाग काढली. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या इथे थांबतील, पोरंबाळं खेळतील, असा त्याचा हिशेब. गोल फिरणारे कप, पाण्यात उतरणारी घसरगुंडी आणि मधोमध रोलर कोस्टर. वाडीत त्याला सगळे नुसतं 'रोलर' म्हणायचे. बाग बंद पडून वर्षं झाली. कप गेले, घसरगुंडी गेली. रोलर मात्र गंजत उभा राहिला. आता शेट नाही. त्याच्या मुलाला तिथे कॉटेजं बांधायचीत, रोलर भंगारात घालायचाय, आणि सगळ्या माळाला भिंत घालून एकच गेट ठेवायचंय. सभा त्यासाठी होती.

"मग पालखी कुठनं जाईल रे?" मी विचारलं.

"हायवेने न्या ना. टेम्पो देतो मी. फुलांनी सजवून देतो."

टेम्पो! आई काय फ्रीज आहे, टेम्पोतून न्यायला?

मुंबईहून आलेले दोघेतिघे मान डोलवत होते. माझा दीर पालखीचा मानकरी, तोही सतरंजीचे दोरे उपटत बसला होता. म्हणून मीच म्हटलं, "वाट नव्हती, तर तुझ्या बापाचा रोलर त्या जागी वाकडा का हाय?"

तो हसला. "डिझाइनच तसं असतं, आजी."

मला डिझाइन सांगतो! जेव्हा ते लोखंड इथे आलं तेव्हा हा शाळेत असेल, आणि मी त्या लोखंडाच्या शेजारी रोज म्हशी राखत होते.

रोलर नवा नव्हताच. कुठल्यातरी परदेशातल्या बागेतून काढून जहाजाने आणलेला. ट्रेलर माळावर चढेना तेव्हा दोन दिवस हायवे अडला होता. नव्या निळ्या रंगाखाली जुना लाल रंग होता, आणि त्या लालावर कुठल्यातरी भाषेतली अक्षरं. जाड जाड दोन नळ्या, त्यांच्या खाली कण्यासारखी तिसरी, आणि तिघींना जोडणारे आडवे दांडे. माळावर मांडून ठेवलं तेव्हा एखाद्या राक्षसी माशाचा काटा पडल्यासारखं दिसत होतं. प्रत्येक तुकड्यावर नंबर. नंबराला नंबर जोडायचा की झालं. म्हणजे वळण कुठे, चढ कुठे, हे सगळं तिकडे परदेशात आधीच ठरलेलं. त्या कागदाला आमचा माळ माहीत नव्हता आणि आमची पालखी तर नाहीच.

जोडणी करून देणारा इंजिनियर बाप्या माझ्याकडे ताक प्यायला यायचा. मी त्याला विचारलं होतं की एवढ्या गाडीला इंजिन कुठे बसवणार. तो म्हणाला, इंजिन नसतंच. त्याने माझी मोठी कढई मागितली, तिच्या काठावरून सुपारी सोडली. सुपारी तळाला जाऊन पलीकडच्या काठाकडे चढली, पण काठापर्यंत नाही, जरा खालीच थांबून मागे आली. "एवढंच आहे वहिनी," तो म्हणाला. साखळीने गाडी एकदा सगळ्यात उंच चढावर ओढून न्यायची आणि सोडून द्यायची. मग ती आपल्या वजनावर पळते. पुढचा प्रत्येक चढ आधीच्याहून ठेंगणा ठेवायचा, कारण प्रत्येक वळणावर थोडा थोडा जोर गळत जातो. चढताना टक टक वाजतं ते खिट्टीचं. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून. आणि चाकं नुसती रुळावर नाहीत, बाजूनेही आणि खालूनही नळीला धरून असतात, म्हणून माणसं आभाळात उडत नाहीत. वळणावर रूळ आतल्या अंगाला कलता ठेवतात. बैलगाडीवान वळताना अंग टाकतो तसा.

आता या कागदावरच्या रोलरला दुसऱ्या चढानंतर एक मोठा फुगवटा होता. तो बाहेर जाऊन बरोब्बर पालखीच्या वाटेवरून फिरून परत येणार होता. म्हणजे वरून माणसं पाय लोंबकळवत ओरडत जाणार, आणि खालून आई. पालखीच्या वर कुणाचं पाऊल येत नाही आमच्यात. शिमग्याला पालखी दारावरून जाते तेव्हा माळ्यावरचं पोरसुद्धा खाली उतरवतात. हे पुरुषांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्यांनी कागद पाहिला होता आणि मी माळावर आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्या पाहिल्या होत्या.

त्या वेळची मी म्हणजे काय सांगावं! अंगाने काडी आणि जिभेने कोयता. गावकीच्या बैठकीत बायका बोलत नसत. मी खांबाआड उभी राहून एवढ्या मोठ्याने बोलले की कबुतरं उडाली. "आईच्या डोक्यावरनं चपला फिरवणार काय रे तुमी? आनि टाळ्या वाजवणार?" पुरुष दचकले. शेटकडे निरोप गेला. इंजिनियर कपाळाला हात लावून म्हणाला, असा मधला तुकडा काढता येत नाही, सगळी जोडणी बिघडते. तरी आठ-पंधरा दिवसांत महाडकडच्या एका वर्कशॉपमधून नव्या नळ्या वाकवून आल्या आणि रुळाला नवा वळसा पडला. वाटेजवळ येतो, दचकल्यासारखा आत वळतो, वाटेच्या कडेकडेने थोडा चालतो आणि मग आपल्या मूळ रस्त्याला लागतो. सापाने पाय दिसल्यावर बाजूने जावं, तसा.

मी काय माजले त्यानंतर! पाण्यावर गेले की सांगायची, "लोखंड वाकवलंय मी, लोखंड." सासूने एकदा ऐकलं आणि म्हणाली, "मग माझा विळा सरळ करून दे गो." तरी माझी मान ताठच. शेटला आमच्या ओढ्याचं पाणी बागेसाठी हवं होतं आणि गावकी बिथरली असती तर ते मिळालं नसतं, हे मला फार पुढे समजलं. लोखंड पाण्याने वाकलं होतं, माझ्या भाषणाने नव्हे.

आणि तो वळसाही लंगडाच. इंजिनियर म्हणायचा की याला कल कमी आहे. गाडी तिथे आली की माणसांच्या बरगड्या बाजूच्या पत्र्यावर आपटायच्या. शिवाय एक वळण वाढलं म्हणजे जोर जास्त गळणार, ती कढईतली सुपारी. सकाळी चाकं थंड असली आणि गाडीत माणसं थोडी असली की गाडी पुढचा चढ चढायचीच नाही. अर्ध्यावर जायची, थांबायची, मागे यायची, आणि खालच्या खोलगटात झोके घेत बसायची. मग कामगार दोर लावून ओढत.

यावर बागेच्या मॅनेजरने उपाय काढला तो असा, की पहिल्या फेरीला वाडीतल्या जाड बायका फुकट बसवायच्या. वजन म्हणून! वर इंजिन नाही, तर आम्ही इंजिन. कुणाला वाईट वाटलं नाही, उलट गेटवर रांग. मला मॅनेजर घेईना. म्हणाला, ताई, तुम्ही बसलात काय आणि नाही काय. मला, जिने लोखंड वाकवलं तिला! दुसऱ्या दिवशी मी ओढ्यातले गोटे कमरेला बांधले, त्यावर लुगडं नेसले आणि पोटुशी बाई चालावी तशी डुलत गेले. बसवलं. वर चढेपर्यंत टक टक ऐकलं, आणि पहिल्या उतारालाच कमरेचे गोटे सुटून पुढे बसलेल्या चुलतजावेच्या पाठीत गेले. ती ओरडली ते भीतीने, असं सगळ्यांना वाटलं. मी वाडीत सांगितलं की वरून मला महाबळेश्वर दिसलं. दिसलं कसलं! डोळे मी खाली उतरल्यावरच उघडले, आणि उघडल्या उघडल्या ओकले.

बाग काही फार चालली नाही. आमच्याकडचा पाऊस लोखंडाला वर्षातले चार महिने धुऊन काढतो. ग्रीस वाहून जातं, खिट्ट्या अडकतात, रंगाचे पोपडे उडतात. गाड्या थेट महाबळेश्वरला जाऊ लागल्या किंवा रायगडाकडे वळू लागल्या. एका पावसाळ्यानंतर साखळी परत लागलीच नाही. वेलींनी खांब धरले, आमच्या बकऱ्या खांबांच्या सिमेंटच्या चौथऱ्यांवर झोपू लागल्या. पण बाग चालू होती तोवर आणि बंद झाल्यावरही, दर शिमग्याला आमची पालखी त्या वळशाच्या कडेने खाली उतरत राहिली. दरवर्षी! एवढं सगळं लोखंड ज्या गोष्टीला बगल देऊन गेलं, ती गोष्ट तिथे नव्हतीच म्हणे.

हे सगळं मी त्या सभेत बोलले. इतकं नीट नाही, पण बोलले. "रूळ कुणाला घाबरून वळला रे? हवेला?"

मुलगा घड्याळ बघत म्हणाला, "आजी, ते सगळं जुनं झालं. माझ्या वडिलांनी मोठ्या मनाने तुम्हाला जाऊ दिलं इतकी वर्षं."

मोठ्या मनाने. माझ्या तोंडाला जे आलं ते इथे लिहीत नाही, सून वाचणार आहे.

तो गेल्यावर मुंबईवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "वयनी, जरा अ‍ॅडजस्ट करू ना. पोरांना कॉटेजवर नोकऱ्या लागतील."

"तू कर अ‍ॅडजस्ट. तुझ्या खोलीतनं रोज लोकांना जाऊ दे आनि मग मला शिकव."

चार दिवसांनी भंगारवाले आले. मी म्हशींबरोबर वरच्या बांधावर होते. गॅसचा कटर पेटला, ठिणग्या पडायला लागल्या. बघते तर काय, एवढा मोठा रोलर उभा असताना, उंच चढ सोडून, साखळी सोडून, त्यांनी सुरुवात केली ती वळशापासून! मी काठी घेऊन धावले. धावले म्हणजे, या गुडघ्यांनी जेवढं होतं तेवढं. पोचेपर्यंत एक नळी खाली पडली होती. कटर चालवणारा बिचारा कुठला कुठला परगावचा माणूस. म्हणाला, "माँजी, साहब ने बोला, पहले ये मोड काटो." बघा म्हणजे. डिझाइनच तसं असतं ना? मग आधी तेच का कापायला लावलंस? ज्याला वाट ठाऊक नाही, त्याला तिचा साक्षीदार बरोबर कसा सापडला?

माझा त्या लोखंडावर जीव नव्हता. आमच्या माळाच्या छाताडावर बसलेलं धूड होतं ते. पण त्या दिवशी मी त्या गंजक्या नळीला धरून बसले आणि उठेना. शेवटी सुनेने येऊन नेलं. "आई, गरम हाय ती, हात भाजंल." भाजलाच होता.

मग शिमगा आला. तोवर भिंत झाली होती, गेटही बसलं होतं. पालखी निघाली तेव्हा ढोल वाजत होते, पण नेहमीचा जोर नव्हता. सगळ्यांच्या मनात तेच, गेट उघडणार की नाही. गेट बंद होतं. गेटच्या आत शेटचा मुलगा झब्बा घालून उभा, फोटोवाला उभा, आणि त्याची नवी बायको हातात ताट घेऊन उभी. ताटात साडी, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. आईच्या ओटीचं ताट.

मुलगा हात जोडून म्हणाला, "या, या. आधी ओटी भरतो आम्ही, मग गेट उघडतो. आमचं भाग्य, देवी आमच्या दारात आली."

पुरुषांचे चेहरे एकदम सैल झाले. भांडण टळलं, ओटी मिळाली, खांद्यावरचं ओझंही जरा थांबेल. दीर पालखी खाली झुकवायला लागला.

मी आडवी आले. "भावजी, थांबा. झुकवू नका."

"वयनी, ओटीला नाय कसं म्हणायचं? पाप लागंल!"

"ओटी कुठं भरतात? दारात. घरच्या दारात. वाटेवर कोन ओटी भरतो? आज हितं ओटी घेतली की हे याचं दार झालं, आनि आई याची पावणी झाली. पुढल्या सालापासनं हा बोलवेल तेव्हा यायचं, नाय बोलवलं तर नाय."

ढोल थांबले. मुंबईवाले घड्याळं बघायला लागले. कुणाची रात्रीची गाडी, कुणाला दुसऱ्या दिवशी ड्युटी. ऊन चढत होतं. आमची पालखी सहाणेशिवाय कुठे टेकत नाही, म्हणून भोई खांदे बदलत उभे. एकजण पुटपुटला, "म्हातारीला येड लागलंय."

"लागलंय," मी म्हटलं. "तू खांदा बदल."

मुलगा चिडला. "आजी, एवढा मान देतोय, तर—"

"मान तुझ्या घरी ठेव. मला वाट दे."

तेव्हा शेटची ती ताटवाली सून गेटच्या बारक्या दरवाज्यातून बाहेर आली. वयाने पोरगीच. ताट जड झालं होतं. मला म्हणाली, "मग ओटी कुठे भरायची, आजी?"

"सहाणेवर. सगळ्या बायका भरतात तिथं."

"तिथे कसं जायचं?"

मी गेटकडे बोट केलं. "या वाटेनं."

तिने चपला काढल्या आणि आमच्या बायकांच्यात येऊन उभी राहिली. नवरा आतून म्हणाला, "अगं, तू कुठे चाललीस?" गेटवरच्या वॉचमनने तिच्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, आणि कडी काढली. ढोल असा कडाडला की माझ्या छातीत घुमला. कापलेल्या वळशाचे सिमेंटचे चौथरे आजूबाजूला तसेच होते. पालखी त्यांच्या कडेने खाली गेली आणि त्या पोरीने सहाणेवर सगळ्यांच्या मागे रांगेत उभं राहून ओटी भरली.

मला वाटलं, जिंकलो. या वयातही माझी अक्कल गोटे बांधूनच चालते! संध्याकाळी नातीने फोन दाखवला. त्या पोरीचा ताट घेतलेला फोटो, मागे पालखी, आणि खाली लिहिलेलं, आमच्या घराण्याची पालखी स्वागताची परंपरा, आमच्या नव्या रिसॉर्टवर. शेकडो लोकांनी हात जोडलेले. आमच्या मुंबईवाल्यांनीसुद्धा!

त्या रात्री मला झोप नाही आली. राग शेटच्या मुलावर होताच, पण अर्धा आमच्यावर होता. वर्षातून एकदा जायचं, वाजतगाजत जायचं, आणि बाकीचे दिवस वाट अशी टाकून द्यायची, की कुणीही उठून म्हणावं ती नव्हतीच. आधी आमची गुरं तिथनं रोज जायची. रोलर आल्यावर आम्ही गुरं वरून वळवली. लोखंड वाटेला बगल देऊन गेलं, आणि आम्ही लोखंडाला बगल दिली.

आता मी रोज जाते. म्हशी घेऊन जाते, कधी नुसती काठी घेऊन जाते. सून येते, चुलतजाऊ येते, अजून पाठ दुखते म्हणत येते. वॉचमन पहिले काही दिवस आडवा यायचा. शेण साफ करून करून दमला, आता कडी लावत नाही. परवा शेटचा मुलगा स्वतः गाडीतून उतरला आणि गेटमध्ये उभा राहिला.

"आजी, आज काय आहे?"

"आज मंगळवार हाय."

"मंगळवारी काय असतं?"

"काय नसतं," मी म्हटलं. "बाजूला हो, म्हैस लाथ मारते."